कात्रीवाल्याचे हात

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

कात्रीवाला परत येतोय! सिनेमाचा पाचवा भाग. चौदा तारखेला. सात रस्ता चौकात एका रिक्षाच्या पाठीवर पोस्टर बघितलं आणि गाडी तिथंच उभी केली. मागचा माणूस हॉर्न मारून थकला. मारू दे. पोस्टरवर नुसते दोन हात आणि उघडी कात्री, तोंड नाही. म्हणजे पहिल्या भागासारखं. चौथ्या भागात त्याचं तोंड दाखवलं होतं — भाजलेल्या वांग्यासारखं. तेव्हापासून त्या लोकांवर माझा राग आहे.

घरी येऊन सृष्टीला सांगितलं तर तिला आधीच माहिती. म्हणाली, अप्पा, तीन तिकिटं काढते, तुम्ही, मी आणि कासीमकाका. पोरगी चोवीस वर्षांची, बँकेत नोकरी करते आणि सुट्टीला फोनसमोर बसून सिनेमांवर बोलते. बरेच लोक बघतात तिला. त्यातही खुनाचे सिनेमे जास्त आवडीचे. माझ्यावर गेलीय.

महेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली, त्याचं नाव नको घरात. हे तिचं सव्वीस वर्षांचं पालुपद.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. पहिल्या भागातले ते हात माझे आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कारखान्यात काम कमी. शाळांचे गणवेश आता मार्चपासून. तोवर मशीनं पुसायची आणि चहा प्यायचा. म्हणून परवाचं अर्धं राहिलेलं लिहून काढतो.

सत्त्याण्णव साल. मी सत्तावीस वर्षांचा, नुकताच कटिंग मास्तर झालेलो. बंद गिरणीच्या शेडमध्ये शूटिंग लागलं होतं. माझा दोस्त कासीम तेव्हा टेम्पो चालवायचा, त्या लोकांचं सामान त्याच्याकडं. एक दिवस कारखान्यात आला आणि म्हणाला, चल बे सिदू, त्या नटाला कात्री धरता येईना, डायरेक्टर डोक्याला हात लावून बसलाय.

मी गेलो. आमची बारा इंची कात्री बरोबर नेली. टेबलावर कापड अंथरलं आणि रोज कापतो तसं कापलं. खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही. आणि कात्री पूर्ण मिटायची नाही — टोक मिटलं की कापडाला दात पडतो. मिटायच्या आत पुढं सरकवायची. त्यामुळं कटकट आवाज येत नाही, सर्र असा एकच लांब आवाज येतो. डायरेक्टर हळूच म्हणाला, हाच माणूस, हाच आवाज.

दीड दिवस काम केलं. कापड कापायचं, खडूनं रेघ मारायची, टेप गुंडाळायची. माणसं मारायचं काम त्या नटाकडं, हात माझे. दुसऱ्या भागातही त्यांनी तेच तुकडे वापरले. नाव कुठं नाही आलं. मीच म्हटलं होतं, नको. घरात स्थळं बघत होते. सिनेमात खून करणाऱ्याला पोरगी कोण देणार!

महेश्वरी नव्व्याण्णवच्या मे महिन्यात आली. अक्कलकोटची. लग्नाला आठ दिवस झाले नाहीत, तोवर आईनं मला बाजूला घेतलं. सांगितलं, सिदू, पोरगी संध्याकाळी भितीय. माहेरी भावाबरोबर तो कात्रीवाला बघून आलीय, ते हात डोळ्यापुढनं जात न्हाईत म्हणतीय. तू दिवे लागायच्या आत घरी येत जा.

मी पायरीवर बसलो आणि माझे हात बघत राहिलो. तोवर नऊ-दहाला घरी यायचो. दुसऱ्या दिवसापासून सातच्या आत. जादा काम सोडलं. घरातली मोठी कात्री कारखान्यात नेऊन ठेवली. आणि तिच्यासमोर कधी कापड कापलं नाही. सोलापुरात असा एक तरी कटिंग मास्तर असेल का, ज्याच्या बायकोनं त्याला कापताना बघितलं नाही? मी आहे.

तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता कासीमला माहिती आणि या वहीला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

महेश्वरी बहिणीकडं होटगीला गेली. सृष्टीनं लगेच लॅपटॉप उघडला. नवा बघायच्या आधी जुने चारही ओळीनं बघायचे म्हणाली, व्हिडिओसाठी. आज पहिला.

लई वर्षांनी बघितला. किती साधा सिनेमा! चारच खून. बाकी सगळा वेळ काहीतरी होणार, होणार असं वाटत राहतं. कात्रीवाला मारायच्या आधी माणसाच्या कपड्याचं माप घेतो. खुंटीवर शर्ट असतो, मागनं हात येतात, टेपनं खांदा मोजतात, निघून जातात. त्या माणसाला पत्ता नसतो. बघणाऱ्याला असतो. मला अजूनही भीती वाटली — आणि मीच तो मोजणारा!

कापायचा प्रसंग आला तेव्हा सृष्टीनं थांबवलं. मागं नेलं. परत बघितलं. म्हणाली, "अप्पा, या सिनेमात सगळ्यात भारी काम या हातांनी केलंय. नटाचे नाहीत हे. कुणीतरी खराच कारागीर आहे."

मी म्हणालो, असंल.

जिभेवर आलं होतं. गिळलं. पण दिवसभर आनंदात होतो. संध्याकाळी भाजी आणायला मी होऊन गेलो.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुसरा भाग बघितला. आठ खून. पहिल्यापेक्षा निम्मी भीती. कुणी मेल्याचं वाईट वाटावं इतका वेळच देत नाहीत. माझे हात आले की मात्र बरं वाटतं. उगीच खोटं कशाला बोलू.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तिसरा. मुंबईत काढलेला. कात्रीवाल्याच्या हातात रबरी मोजे. मध्येच नाच. सृष्टीला झोप लागली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चौथा पंधरा मिनिटांत बंद केला. तेव्हा चष्मा लावून बघायचा होता, कात्री अंगावर यायची म्हणून. आता चष्मा नाही, कात्री नुसती भिरभिरते. आणि ते वांगं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बघितला! संध्याकाळचा चारचा खेळ. मी कारखान्यातून लवकर निघालो, सृष्टी बँकेतून. कासीम इस्त्रीचा शर्ट घालून आला, लग्नाला आल्यासारखा. सत्तावन्न वर्षांचा माणूस, टेम्पोचे आता तीन ट्रक झाले, तरी पडद्यावर अंधार झाला की माझा दंड धरतो.

आधी चांगलं लिहितो. मधले तीन भाग त्यांनी चक्क विसरून टाकले. पहिल्यानंतर थेट हाच. मला पटलं. पहिल्या भागातनं वाचलेली ती पोरगी आता पन्नाशीची. तीच नटी. केस पांढरे, तसेच ठेवलेत. गावात शिवणक्लास चालवते. पहिल्या भागात तिला नुसतं पळायचं आणि ओरडायचं काम होतं. इथं ती एकदाही ओरडत नाही. शेवटी त्याची चाहूल लागते तेव्हा दार उघडं ठेवते, दिवा लावते, खुर्ची ओढून बसते आणि वाट बघते. तो अर्धा तास पहिल्या भागापेक्षा सरस आहे. हे मी लिहितोय, मी! इतकी वर्षं भ्यालेलं माणूस एक दिवस भ्यायचं थांबतं, हे पहिल्या सिनेमाला माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही सगळेच पोरं होतो.

बाकीचं उद्या. राग येतोय, राग शांत झाला की लिहितो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

राग शांत झाला नाही.

अंगठा मोठ्या भोकात! शिंप्याच्या कात्रीला दोन भोकं असतात. लहान अंगठ्याचं, मोठं चार बोटांचं. ह्या महाशयांनी कात्री उलटी धरलीय. अख्खा सिनेमाभर! एवढी माणसं, एवढे कॅमेरे, एकालाही कळलं नाही. वर कात्री हवेत धरून कटकट, कटकट. हवेत कोण कापतं? त्या आवाजानं माझी भीतीच गेली. पहिल्यात आवाज सर्र यायचा आणि वाटायचं, हा माणूस घाईत नाही, ह्याला काम येतं. कामात तरबेज असलेल्या माणसाची भीती वाटते. कटकट करणाऱ्याची कशाला वाटेल?

मध्यंतरात कासीम सामोसा हातात धरून मोठ्यानं बोलून गेला, कोण बे हा, ह्याचा अंगठा बघ की! सृष्टी म्हणाली, काका, तुम्हाला कात्रीतलं काय कळतं? कासीमनं माझ्याकडं बघितलं आणि अख्खा सामोसा तोंडात कोंबला.

घरी आल्यावर अंगठ्याचं मी सृष्टीला सांगितलं. कात्रीतलं मला कळणारच, त्यात संशय कसला. तिनं सगळं लिहून घेतलं. भोकं, पातं, आवाज. महेश्वरी आत कणीक मळत होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सृष्टीचा व्हिडिओ आला. पाचव्या भागाचा शेवटचा अर्धा तास पहिल्यापेक्षा सरस, पण हात पहिल्याचेच, असं तिचं म्हणणं. अंगठ्याचं सांगताना "माझे अप्पा म्हणतात" असं तीनदा म्हणाली. कारखान्यात सगळ्यांनी बघितला. बटणं लावणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी तिनं लोकांना विचारलंय, पहिल्या भागातले ते हात कुणाचे, कुणाला माहिती असेल तर कळवा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कळवलं की एकानं. नांदेडचा कुणी. ते हात माझ्या वडिलांचे, म्हणतो. वडील शिंपी होते, सहा वर्षांपूर्वी गेले. जन्मभर पोरांना सांगायचे, त्या सिनेमात माझे हात आहेत. दर वर्षी वडिलांच्या तिथीला सगळी भावंडं मिळून पहिला भाग बघतात.

सृष्टीचे डोळे भरून आले वाचताना. रविवारी संध्याकाळी त्याच्याशी व्हिडिओवर बोलणार आहे. सगळ्यांसमोर.

माझी पोरगी, माझे हात, आणि नाव दुसऱ्याच्या बापाचं! जेवण गेलं नाही. महेश्वरीनं विचारलं, पोट बिघडलं का. व्हय म्हटलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी कासीमकडं गेलो. सगळं ऐकून तो तर ट्रक काढून नांदेडला निघायच्या बेतात. म्हणाला, साक्षीदार मी आहे, त्या डायरेक्टरचा माणूस अजून माझ्या ओळखीचा आहे, एक फोन कर म्हणालास तर करतो. मी म्हटलं, थांब.

थांब का म्हटलं ते इथं लिहितो. एकदा सृष्टीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सोलापूरभर होणार. महेश्वरीला गल्लीतलं कुणीतरी सांगणार, तुमच्या मालकाचे हात म्हणे ते. ते तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं? याच हातांनी लग्नात तिला घास भरवला. सृष्टी झाली तेव्हा पहिली आंघोळ आईनं घातली, पण पाणी ओतायला हेच हात. महेश्वरीनं ते कधी बाजूला सारले नाहीत. उद्या तिनं एकदा जरी ताटात वाढताना माझ्या बोटांकडं वेगळं बघितलं, तर माझ्यानं सोसणार नाही. हीच भीती. बाकी नावाचं काय, त्याच्याविना अठ्ठावीस वर्षं मजेत गेली.

पण रविवारी पोरगी चुकीचं बोलणार, तेही सोसत नाही.

कासीम म्हणाला, "सिदू, भाभीला आधी तू सांग. बाकी दुनिया नंतर बघू."

ट्रकवाल्याला अक्कल आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी दहाची वेळ. सृष्टी बाहेरच्या खोलीत संध्याकाळच्या बोलण्यासाठी दिवा आणि फोन मांडून बघत होती. महेश्वरी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. कसं सुरू करायचं ते रात्रभर ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"महेश्वरी, त्या सिनेमातले हात माझे हायत."

"कुटल्या?"

"कात्रीवाल्यातले. पहिल्या."

तिनं गॅस बंद केला. दाणे हलवतच राहिली, खाली आच नसताना. मी एका दमात सगळं बोललो. कासीमचं, गिरणीचं, दीड दिवसाचं. तुला सांगायला पाहिजे होतं, तू भितीयस म्हणून तोंड उघडलं नाही, असंही म्हणालो.

तिनं विचारलं, जेवायला दिलं का त्या लोकांनी. मी म्हटलं, दिलं. मग कढई उतरवली, हात पुसले आणि तिथूनच हाक मारली.

"सृष्टी, त्या नांदेडच्याला थांबीव. तुझ्या अप्पाचे हात हायत ते."

बाहेर काहीतरी पडलं. फोनच असणार. सृष्टी आत आली, माझा उजवा हात धरून मला ओढत नेलं, लॅपटॉपवर तो प्रसंग लावला आणि माझा हात पडद्याशेजारी धरून बघत राहिली. बोटं तशीच वळतात म्हणाली. मग गळ्यात पडून रडली, मग भांडली — एवढी वर्षं सांगितलं का नाही! मला रडू आलं आणि हसूही.

मग नांदेडचा प्रश्न. सृष्टी म्हणाली, आता खरं सांगून टाकते सगळ्यांना. मी नको म्हटलं. तो बाप खोटं बोलला की त्याचं काम दुसऱ्या कुठल्या तुकड्यात होतं, कुणाला माहीत. दर तिथीला ती पोरं सिनेमा लावून बापाला बघतात. मी त्यांच्यासमोरून त्याला उठवू? आणि खोट्यावर पोरीनं शिक्का मारावा, तेही नको. शेवटी ठरलं, सगळ्यांसमोर हातांचा विषयच काढायचा नाही. सृष्टीनं त्याला आधीच फोन केला, म्हणाली, ते हात नक्की कुणाचे हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्या वडिलांविषयी ऐकायला आवडेल. संध्याकाळी व्हिडिओवर अर्धा तास बोलत होता बिचारा. वडील शर्टाची कॉलर फार छान बसवायचे म्हणाला. चांगला कारागीर असणार.

माझ्या घरात कळलं. मला तेवढंच पाहिजे होतं, हे आज समजलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

महेश्वरीनं आज डब्यात दोन धपाटे जास्त दिले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

संध्याकाळी चहा ठेवला आणि समोर बसली. म्हणाली, "मी तो शिनेमा बगितलाच न्हाय."

भावानं बघितला होता. त्यानं गोष्ट सांगितली तेवढीच. नवी नवरी, नवरा रोज दहाला येणार. लवकर या म्हणायची सोय नव्हती, माझ्या आईनं नावं ठेवली असती. भ्या वाटतं म्हणायला कुणाची ना नव्हती.

मी विचारलं, मग सव्वीस वर्षं?

"तुमी रोज यायला लागला की. मग कशाला सांगू?"

रविवारी पहिला भाग बघायचा म्हणते. दोघांनीच. सृष्टीला मैत्रिणीकडं जायला सांगून झालंय. मी म्हटलं, आता खरंच घाबरशील बघ. म्हणाली, "भ्या वाटलं तर धरायला तुमचे हात हायत की."